रिंगर्सचे काळे वासे

डेव्हन परगण्यातल्या नेदरकूम गावात ॲम्ब्रोज एंडॅकॉटचे हात रिकामे पाहिलेत असं छातीठोकपणे सांगणारा माणूस सापडायचा नाही. पब चालवणाऱ्याने खरं तर काउंटरमागे उभं राहावं, ग्लास पुसावेत आणि गावाची रडगाणी ऐकून घ्यावीत. ॲम्ब्रोज हे सगळं करायचा, पण ग्लास पुसता पुसता त्याची नजर भिंतीकडे जायची. ती एकदा भिंतीवर खिळली की त्याची बायको थर्झा तिथल्या तसबिरी उतरवून ठेवायची. आता त्या भिंतीची धडगत नाही, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

पबचं नाव 'रिंगर्स'. चर्चच्या फाटकासमोरच. घंटा ओढून घामाघूम झालेली मंडळी सरळ इथे येऊन टेकायची, त्यावरून हे नाव पडलं. भिंती लाल मातीच्या, पेंढा घालून तुडवलेल्या. इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात मांजर पसरून झोपलं तरी शेजारी कुंडीला जागा उरते. वर काडांनी शाकारलेलं छप्पर, पार खिडक्यांवर उतरलेलं. आत एक रेघ सरळ नाही. दरवाज्यातून वाकून जावं लागतं, आणि जो पहिल्यांदा वाकत नाही तो दुसऱ्यांदा न सांगता वाकतो.

या घराबद्दल गावात तीन गोष्टी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या. तुळया म्हणे फुटलेल्या जहाजाच्या आहेत. वरच्या खोलीत म्हणे पळून चाललेला एक राजा लपला होता. आणि तळघरातून म्हणे चर्चपर्यंत भुयार आहे. समुद्र इथून चांगला लांब, राजाचं नाव सांगणाऱ्यागणिक बदलतं, आणि भुयार कोणाच्या बापाने पाहिलेलं नाही. तरी डेव्हनमध्ये या तीन गोष्टी ज्या पबमध्ये नाहीत तो पब कसला? ॲम्ब्रोज त्या अगदी डोळ्यांदेखत घडल्यासारख्या सांगायचा.

सांगायला त्याचा हक्क तसा बेताचाच. तो इथला घरजावई. इमारत बिअर बनवणाऱ्या ब्रुअरीची असली तरी चार पिढ्या हॅनाफर्ड घराणंच ती चालवत आलेलं, आणि थर्झा हॅनाफर्डांची एकुलती एक. बारच्या वरच्या खोलीत ती जन्मली. ॲम्ब्रोज युद्धात फौजेसाठी पूल बांधायचा, आणि माघार घेताना तेच पूल उडवायचा. परत आल्यावर एका दुपारी तो सफरचंदाची दारू, सायडर, प्यायला म्हणून आला तो राहिलाच. सासऱ्याने त्याला पोरगी दिली, काउंटर दिला, पण हातोडा म्हणून कधी दिला नाही. "घर उभं आहे ना? मग राहू दे उभं," एवढंच म्हातारा म्हणायचा.

म्हाताऱ्याला चर्चच्या आवारात ठेवून आले त्याच आठवड्यात ॲम्ब्रोजने हातोडा विकत आणला. बैल उभा राहील एवढी मोठी शेकोटीची जागा होती. ती फळ्या ठोकून बंद केली आणि तिथे विजेचा हीटर बसवला. वरच्या खऱ्या ओबडधोबड तुळया गुळगुळीत तक्त्यांखाली झाकून टाकल्या. ओकचा जुना काउंटर कोंबड्यांच्या खुराड्याला गेला आणि त्या जागी गुलाबी सनमायकाचा आला. पुढे फॅशन फिरली. शहरातले लोक मोटारी घेऊन 'जुनं' बघायला यायला लागले. तेव्हा ॲम्ब्रोजने शेकोटी परत उघडली, आणि झाकलेल्या तुळयांच्या खाली थर्मोकोलच्या काळ्या रंगवलेल्या तुळया चिकटवल्या.

"खऱ्या तुळया लपवून खोट्या लावणारा अख्ख्या परगण्यात तूच रे बाबा," जेसी पेथिब्रिज म्हणाला. जेसी म्हणजे गावातली छपरं शाकारणारा, आणि ॲम्ब्रोजला टोचल्याशिवाय त्याचा पहिला पाइंट खाली उतरत नसे.

"लोकांना आवडतंय ना?"

"लोकांना काय, मी शेपूट लावून बसलो तरी आवडेल."

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. आमचा ॲम्ब्रोज रिकामाही नव्हता, तरी भिंतीला सोडायचा नाही. गाव हसायचं. पण मला विचाराल तर त्यात हसण्यासारखं थोडं आणि वाईट वाटण्यासारखं जास्त होतं. चाळीस वर्षं होत आली तरी म्हातारी माणसं "हॅनाफर्डकडे जाऊ" असंच म्हणायची, एंडॅकॉटकडे कोणी गेलंच नाही. ते त्याला लागायचं. एखादी भिंत पाडली, एखादं कपाट बसवलं की चार दिवस त्याला वाटायचं, हे तरी आपलं. पाचव्या दिवशी ते वाटणं विरून जायचं आणि हात पुन्हा शिवशिवायला लागायचे.

आणि मग त्या शरदात ब्रुअरीचा माणूस आला. त्याने अर्धा ग्लास लिंबाचं पाणी घेतलं, मागच्या आवारात लांब लांब ढांगा टाकल्या, छपराकडे पाहून मान हलवली आणि सांगून टाकलं. धंदा बसलाय, छपराचा खर्च परवडत नाही. वसंतात इमारत पाडायची आणि जागेवर नवे बंगले बांधायचे. ॲम्ब्रोज आणि थर्झासाठी शहरात एक फ्लॅट बघू, अगदी नवा कोरा.

आत जाऊन थर्झाने पेस्टीच्या, म्हणजे खिमा भरलेल्या मोठ्या करंजीच्या, कडा दाबायला घेतल्या, आणि त्या दिवशीच्या सगळ्या पेस्ट्या भट्टीत फुटल्या. आयुष्यात तिच्या हातची पेस्टी कधी फुटली नव्हती. "मी या घरात जन्मले," ती भट्टीकडे पाठ करून म्हणाली, "आणि मला इथेच मरायचंय. आणखी काही मागितलंय का मी कधी?"

तिने खरंच कधी काही मागितलं नव्हतं.

मार्ग काढला तो चर्चच्या पाद्रीबुवांनी. त्या वर्षी सरकारची माणसं गावोगाव फिरून जुन्या इमारती बघत होती. इमारत खरोखर मोलाची निघाली तर तिला संरक्षण मिळतं, मग तिला पाडण्याची कोणाची छाती नाही. पाद्रीबुवांनी चार ठिकाणी फोन फिरवले आणि तपासनीस बाई गुरुवारी येणार असं ठरलं. आता सगळं त्या एका बाईच्या मतावर होतं. ती हो म्हणाली तर घर राहणार, नाही म्हणाली तर वसंतात बुलडोझर.

गुरुवारपर्यंत करायचं काय? दुसरा कोणी असता तर वाट बघत बसला असता. ॲम्ब्रोज सोमवारी सकाळीच थर्मोकोलच्या तुळया उचकटायला शिडी घेऊन आला, आणि थर्झाने त्याच्या हातातून पकड काढून घेतली.

"तू काहीही करायचं नाहीस. कळलं? काहीही."

"अगं, तिने हे थर्मोकोल पाहिलं तर..."

"पाहू दे. तू एक काढायला जाशील आणि चार पाडशील. मला वचन दे ॲम्ब्रोज. या खोलीत, स्वयंपाकघरात, जिन्यात, कशालाही हात लावायचा नाही."

"दिलं."

"माझ्या डोळ्यांत बघून दे."

त्याने डोळ्यांत बघून दिलं. सोमवार त्याने ग्लास पुसत काढला. पुसलेले परत पुसले. मंगळवारी तो चर्चला फेऱ्या मारून आला, कोंबड्यांना दोनदा दाणे टाकून आला, बारमध्ये येऊन खिशात हात घालून उभा राहिला आणि पुन्हा बाहेर गेला. रात्री अंथरुणात त्याच्या पायांची चाळवाचाळव थांबेना. बुधवारी थर्झा फरशी घासत होती. तिचा गुडघा दुखतोय हे त्याला दिसत होतं, आणि आपण मदतही करायची नाही म्हणजे काय, या विचाराने त्याचं डोकं भणभणायला लागलं.

तेव्हा त्याला माळा आठवला. वचनात माळा नव्हता.

छपराच्या पोटात तो कधी फारसा गेला नव्हता. तिथे काही ठेवलेलं नव्हतं, कोणाला काही दिसत नव्हतं, म्हणून सुधारायचंही काही नव्हतं. दिवा घेऊन वर चढला तर त्याच्या तोंडून शिवीच निघाली. वासे, तुळया, आढं, सगळं काळंकुट्ट. हात लावावा तर बोटभर काजळी. पूर्वी पेंढाही असाच काळा होता. जेसीने मागच्या शाकारणीत सडका म्हणून तो आढ्यापर्यंत सगळा उपसून नवा घातला होता. पण लाकडाला कोणी फडका म्हणून लावला नव्हता.

'सासरेबुवा,' ॲम्ब्रोज मनात म्हणाला, 'राहू दे राहू दे करत काय ठेवलंत हे!' शहरातली बाई उद्या वर चढणार आणि ही घाण बघणार. धुराडं फुटलंय म्हणेल. घर पेटेल म्हणेल. तिने नाही म्हणायला एवढं पुरे होतं.

तो खाली येऊन तारेचा ब्रश, धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि जवसाचं तेल घेऊन वर गेला. थर्झाला वाटलं, बरं झालं, कुठेतरी बाहेर गेला. दिवसभर तो घासत होता. काजळी डोळ्यांत गेली, नाकात गेली, ढेकूळ होऊन खाली पडली. खालून ओकचं तपकिरी लाकूड निघत गेलं, त्यावर तेलाचा हात फिरला की ते चमकायला लागायचं. कित्येक वर्षांत तो इतका सुखात नव्हता. शिट्टी वाजवत तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत राहिला. अगदी शेवटी, मोठ्या धुराड्याच्या मागे, एक अरुंद फट होती. तिच्या पलीकडेही वाशांची एक जोडी होती, पण थर्झाच्या पेस्ट्यांनी पोसलेलं त्याचं पोट त्या फटीत शिरेना. त्याने श्वास रोखून पाहिलं, आडवं होऊन पाहिलं, कंबरेत उसण भरली. 'तिथवर कोण मरायला जातंय,' म्हणून त्याने बादली उचलली.

गुरुवारी तपासनीस बाई, मिस क्रेस्विक, आली. काटकुळी, तरुण, पायात गमबूट, गळ्यात टॉर्च. ॲम्ब्रोजने तिला दारातच गाठलं आणि जहाज, राजा, भुयार, तिन्ही गोष्टी एका दमात ऐकवल्या. ती हसून ऐकत होती. मग तिने एका तुळईवर टिचकी मारली, पोकळ आवाज आला, आणि कोपऱ्यात बसलेल्या जेसीला खोकल्याची उबळ आली.

तिने तळघर पाहिलं, भिंतींची जाडी पाहिली, शेकोटीच्या दगडावर बोटं फिरवली. "हे सगळं नंतरचं आहे," ती म्हणाली. "मला छप्पर आतून बघायचंय."

ॲम्ब्रोजने अभिमानाने शिडी धरली.

ती बराच वेळ वर होती. उतरली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. थर्झाने चहा पुढे केला, तो तिने घेतला पण प्यायली नाही.

"मला खरं सांगायचं तर फार आशा होती," ती म्हणाली. "जुन्यातलं जुनं घर असेल तर त्याला आधी धुराडंच नसतं. वरचा मजलाही नसतो. एकच मोठी खोली, मधोमध जमिनीवर जाळ, आणि धूर वर जाऊन पेंढ्यातून वाट काढणार. शंभर-दोनशे वर्षं असा धूर खाल्ला की वासे काळे ठिक्कर पडतात. पुढे कधीतरी धुराडं बांधतात, मजला घालतात, पण वरची काजळी तशीच राहते. ती काजळी मिळाली की पाचशे वर्षांचा पुरावा मिळाला. इथे तसं असेल असं वाटलं होतं. पण तुमचं लाकूड एकदम स्वच्छ आहे. म्हणजे छप्पर बरंच नंतरचं. अशी घरं खूप आहेत हो. मी फार काही करू शकेन असं वाटत नाही."

थर्झा हळूच खुर्चीत बसली. तिने ॲप्रन हातात घट्ट धरला होता.

ॲम्ब्रोजच्या डोळ्यांसमोर कालची काजळीची बादली आली. गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं. घर गेलं असतं, पण त्याच्यामुळे गेलं हे तरी कळलं नसतं. त्याने थर्झाकडे पाहिलं आणि त्याच्याने राहवलं नाही.

"काळेच होते," तो म्हणाला. "मी घासले. काल."

"काय केलंस?" थर्झाने विचारलं.

"वचनात माळा नव्हता गं! मला वाटलं, बाई येणार, घाण दिसेल... बोटभर काजळी होती, देवाशपथ. दिवसभर घासत होतो."

मिस क्रेस्विकने कप खाली ठेवला. ती रागावली नव्हती, थकली होती. "मिस्टर एंडॅकॉट, सकाळपासून तुम्ही मला जहाज सांगितलंत, राजा सांगितलात, भुयार सांगितलंत. छताला थर्मोकोल आहे. आता तुम्ही म्हणता काजळी होती, आणि ती नेमकी कालच गेली. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

"जेसी, सांग ना तिला! तू शाकारलंस तेव्हा काळं होतं का नाही?"

"होतं की," जेसी म्हणाला. "पण मी तर तुझंच गिऱ्हाईक. माझं कोण ऐकणार?"

ॲम्ब्रोज खोलीभर येरझाऱ्या घालायला लागला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे त्याने स्वतःच फिरवले होते. कपाळावर घाम आला, कंबरेतून कळ गेली, आणि कळ गेली तशी त्याला ती कशाने आली ते आठवलं.

"धुराड्यामागे!" तो ओरडला. "तिथे मी मावलो नाही! पोरी, तू मावशील!"

मिस क्रेस्विकने घड्याळाकडे पाहिलं, थर्झाकडे पाहिलं, आणि टॉर्च परत गळ्यात घातला. थर्झाकडे पाहिलं नसतं तर ती गेली नसती असं मला वाटतं. ॲम्ब्रोज शिडीच्या खाली उभा होता. वर खरवडण्याचा आवाज आला, मग काही नाही, मग एक शिंक. थर्झाचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती की नवऱ्याला शिव्या देत होती हे सांगता यायचं नाही.

मिस क्रेस्विक खाली आली ती कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी. नाक काळं, केस काळे, हात कोपरापर्यंत काळे. आणि ती हसत होती. "आहे!" ती म्हणाली. "एक अख्खी जोडी आहे, आढ्यापर्यंत! आणि तिचे सांधे इकडच्या वाशांसारखेच आहेत, त्याच सुताराच्या हातचे. जहाजाहून जुनं आहे हो तुमचं घर. तुमच्या राजाहूनही."

थर्झा रडायला लागली. जेसीने टोपी काढली, परत घातली, आणि उगाचच स्वतःच्या पैशाने सगळ्यांना पाजायचं कबूल करून बसला. ॲम्ब्रोज भिंतीला टेकून उभा होता.

"मी आजच फोन करते," मिस क्रेस्विक तोंड पुसत म्हणाली. "ब्रुअरीला आता बोट लावता येणार नाही. पाडणं सोडाच, परवानगीशिवाय खिळासुद्धा हलवता यायचा नाही."

"शाब्बास!" ॲम्ब्रोज म्हणाला. "चांगली जिरली!"

"तुम्हालाही नाही, मिस्टर एंडॅकॉट."

"म्हणजे?"

"म्हणजे भिंत नाही, दार नाही, कपाट नाही. रंगसुद्धा विचारून."

"तो गुलाबी काउंटर? तो तर मी नाताळानंतर काढणारच होतो. मलाच बघवत नाही तो."

"तोही इमारतीतच मोडतो आता. तुम्ही बसवलात ना? मग तुम्हीही या घराच्या इतिहासात आलात."

जेसी इतका हसला की त्याला पाठीत गुद्दे मारावे लागले. ॲम्ब्रोज हसला नाही. ज्यासाठी तो इतकी वर्षं तोडत-जोडत आला होता ते असं एका वाक्यात त्याच्या पदरात पडलं होतं, आणि त्याच वाक्याने त्याचे हात बांधले होते. तो बाहेर जायला निघाला, दारापर्यंत गेला, परत आला. हात खिशात घातले, बाहेर काढले. शेवटी तो थर्झाच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. "मग मी आता काय करू?" त्याने विचारलं. सगळ्यांसमोर, लहान पोरासारखं विचारलं.

थर्झाने ॲप्रनने डोळे पुसले आणि त्याच्याकडे वर पाहिलं.

"राहा की," ती म्हणाली. "घरात माणसं राहतात, ॲम्ब्रोज. तू आल्या दिवसापासून मी तुला तेच तर सांगतेय."